डोंगराआडची द्राक्षं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात द्राक्षतोडणीच्या दिवसांत आठवडाभर राहून आले असं दोनच ओळीत लिहिलं होतं, आणि त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी सगळीकडनं पत्रं आणि मेसेज आले, जास्त करून द्राक्षवाल्यांचे. म्हणून या वेळी खत-पाण्याचे नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, ते पुढच्या अंकात नक्की घेते. बऱ्याच जणांनी नाव छापू नका सांगितलंय, त्यामुळे फक्त गाव देतेय.

प्रश्न (अथणी तालुका, बेदाण्याचे बागायतदार): ताई नमस्कार. माझी ६ एकर बाग हाय, सगळा माल बेदाण्याला जातो. भाचा पोर्तुगालात कामाला गेलाय, तो डोरो नदीकाठच्या बागांचे फोटो पाठवूलालाय. फोटोत माती दिसतच नाही, नुसता पाटीसारखा फुटलेला दगड आणि उभा डोंगर. ठिबकची नळी पण नाही. उन्हाळ्यात ४० च्या वर जातंय म्हणे. मग वेल जगते कशी, आणि असल्या दगडातनं एवढी नावाजलेली वाईन होते ती कशामुळं? आमचा पण मुरमाड माळ पडून हाय, तिथली जात आणून लावली तर?

उत्तर: काका, तुम्ही दगडाबद्दल विचारलंय पण मी डोंगरापासून सुरुवात करते, कारण दगडाचं काम नंतर येतं, आधी पाऊस.

पावसाळ्यात एका दिवसात कणकुंबीहून अथणीला कधी आलायत का? कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगवते, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, छत्री असून नसल्यासारखी. जांबोटी, खानापूर करत बेळगावात आलं की तो निम्म्याच्याही खाली, पुढं गोकाक-रायबागकडं ढग नुसते डोक्यावरनं जाताना दिसतात, आणि तुमच्या अथणीत वर्षाला कसाबसा ५००-५५०. ढग तेच, वारा तोच, फक्त सह्याद्रीनं सगळं पाणी घाटावर उतरवून घेतलेलं असतं.

डोरोत हेच घडतं. तिथला सह्याद्री म्हणजे मराओ नावाचा डोंगर, १४१५ मीटर उंच. पश्चिमेला अटलांटिक समुद्र, तिकडनं ओला वारा येतो, मराओला अडतो, पाणी तिथंच सोडतो. २०१६ साली त्या डोंगरातनं साडेपाच किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा काढलाय. आम्ही समुद्राकाठच्या पोर्तो शहरातनं निघालो तेव्हा गाडीचे वायपर चालू होते, भुरभुर पाऊस, दोन्ही बाजूला मका आणि हिरवंगार गवत, अगदी खानापूरच्या पुढं गेल्यासारखं वाटत होतं, आणि बोगद्यातनं बाहेर पडून थोडं खाली उतरलो तर लख्ख ऊन आणि तांबूस-करडे डोंगर. मला त्या क्षणी चोर्ला घाट आठवला, फक्त इथं जो फरक दिसायला चार-पाच तास लागतात तो तिथं पंधरा मिनिटात दिसला.

आता डोरो नदी स्पेनमधनं पश्चिमेला वाहत येते, म्हणजे बागा बघत नदीच्या उलट, पूर्वेला जायला लागलं की पाऊस कमी कमी होत जातो. तिथले लोक खोऱ्याचे तीन भाग करतात. डोंगराला चिकटून आहे तो बायशो कोर्गो, म्हणजे खालचा कोर्गो, कोर्गो ही डोरोला मिळणारी छोटी नदी. तिथं साधारण ९०० मिलिमीटर पाऊस. मधला भाग सीमा कोर्गो, तिथं ७०० च्या आसपास (नाव वाचून मला आपला सीमाभागच आठवला, पण पोर्तुगीजमध्ये सीमा म्हणजे वरचा). आणि शेवटी स्पेनच्या हद्दीला लागून डोरो सुपिरियर, तिथं ४५०, काही ठिकाणी त्याहून कमी, म्हणजे तुमच्या अथणीपेक्षाही कोरडं. तिथं वेलींच्या जोडीला बदाम आणि ऑलिव्हची झाडं.

वाईनवर याचा परिणाम सरळ दिसतो. बायशो कोर्गोत पाणी बरं असल्यामुळं वेलीला माल जास्त, रस पातळ, वाईन हलकी आणि लवकर पिण्याजोगी. सीमा कोर्गोत पिन्याओ गावाच्या आजूबाजूला माल कमी, मणी बारीक, साल जाड, रंग असा की तोडणाऱ्यांची बोटं आठवडाभर जांभळी, आणि सगळ्यात नामी पोर्ट वाईनच्या (पोर्ट म्हणजे डोरोची गोड, कडक वाईन) बऱ्याचशा बागा इथल्याच. डोरो सुपिरियरमध्ये ऊन आणखी कडक, द्राक्ष पूर्ण पिकतं, वाईन जाड आणि भरदार, पण उन्हाळा जास्तच तापला तर वेल कामच थांबवते, पानं पिवळी पडतात आणि साखर अडकून राहते. तिथं एक म्हण आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. जुलै-ऑगस्टमध्ये त्या खोऱ्यात उभं राहिलं की त्यातला एक शब्द पण जास्तीचा वाटत नाही.

आता दगड. तो शिस्ट. आपल्या लहानपणची लिहायची पाटी आठवा, तसा पापुद्र्या-पापुद्र्यांचा खडक, फक्त डोरोत हे पापुद्रे जमिनीत आडवे झोपलेले नाहीत, बऱ्याच ठिकाणी तिरपे किंवा जवळजवळ उभे आहेत. सगळी गंमत इथं आहे. हिवाळ्यात पडलेलं पाणी उभ्या फटींतनं खाली जातं आणि खोलवर साठतं, आणि वेलीचं मूळ पण त्याच फटी धरून काही मीटर खाली उतरतं. वरनं बघणाऱ्याला कोरडा दगड, खाली मुळाला ओलावा. म्हणून जुन्या बागा ठिबकशिवाय जगतात. दुसरं म्हणजे हा दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतो, त्यामुळं घड पिकायला मदत होते. तिसरं, हा खडक भयंकर गरीब आहे. सेंद्रिय अंश नावालाच, स्फुरद कमी, चुना कमी, माती आम्लधर्मी, पोटॅश तेवढं बरं. वेल पालाच कमी करते, सगळा जीव घडात.

आणि ती जी थोडीफार माती दिसते ना, ती पण माणसानं केलेली आहे काका. पहार आणि सुरुंग लावून मीटरभर किंवा जास्त खोल खडक फोडायचा, निघालेल्या दगडांची बिनचुन्याची भिंत रचायची, भिंतीच्या आत चुरा भरायचा, त्यात वेल लावायची. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं. युनेस्कोनं २००१ साली या खोऱ्याला जागतिक वारसा म्हटलं ते माणसानं घडवलेल्या या डोंगरासाठीच. मी त्या एका भिंतीला हात लावून उभी राहिले तेव्हा माझ्या वडलांनी तेलसंगच्या रानात वेचून वेचून बांधाला टाकलेले दगड आठवले, आणि गळा दाटून आला.

उत्पन्नाचं पण बघा. तिथं लाल वाईनसाठी कायद्यानंच हेक्टरी ५५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे, म्हणजे साधारण साडेसात टन द्राक्ष, एकरी तीन टन, आणि बऱ्याच डोंगराळ बागांत तेवढं पण येत नाही. तुम्ही एकरी दहा-बारा टन काढता. तीन टनावर तुमचं घर चालेल का, हा हिशोब आधी मांडा.

आता तिथली जात तुमच्या माळावर लावण्याबद्दल. मला खोटी आशा दाखवायची नाहीये, म्हणून तीन फरक स्पष्ट सांगते.

पहिला फरक ऋतूचा. डोरोत पाऊस हिवाळ्यात पडतो, वेल झोपलेली असताना, आणि पिकायच्या महिन्यात आभाळ कोरडं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, आणि आपल्या वेलीला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून तर आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, काडी तयार करतो, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी घेतो आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवतो. तिथं छाटणी एकदाच, हिवाळ्यात, आणि तोडणी सप्टेंबरात. त्यांचा घड वाढत्या उन्हातनं उतरत्या उन्हाकडं पिकतो, आपला थंडीतनं तापत्या उन्हाकडं. तीच जात लावली तरी तोच रस येईल असं धरून चालू नका.

दुसरा फरक खडकाचा. तुमचा मुरूम हा काळ्या बेसॉल्टचा, त्याचे थर आडवे, आणि वर चुनखडीचे खडे. माती अल्कधर्मी, बोरचं पाणी क्षारयुक्त. डोरोची माती आंबट, तुमची खारट, वेलीला दोन्हीकडं वेगळाच त्रास.

तिसरा फरक मला सगळ्यात जास्त चटका लावून गेला. शिस्टसारखा पापुद्रे सुटणारा दगड आपल्या जिल्ह्यात नाही असं नाही, लोंढ्याकडच्या रेल्वे कटिंगमध्ये बघा, धारवाडी खडक म्हणतात त्यातला, हातानं सोलता येतो. पण तो दगड आहे तिथं पाऊस धो धो, आणि तुमच्याकडं कोरडी हवा आहे पण तो दगड नाही. डोरोत पाऊस अडवणारा डोंगर आणि पाणी साठवणारा दगड हे दोन्ही एकाच खोऱ्यात भेटले. म्हणून ती वाईन तिथंच होते.

तरीपण तुमच्या माळाची एक परीक्षा करा. चार फूट खोल खड्डा घ्या, पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. मुरूम पहारीनं फुटतोय का, फटीत ओल आहे का, शेजारच्या झाडाचं मूळ त्यात उतरलंय का ते बघा. आडवा कातळ लागला आणि मूळ त्यावर पसरून थांबलेलं दिसलं तर तिथं कुठलीच वेल लावू नका, भाच्यानं कितीही फोटो पाठवले तरी.

प्रश्न (खानापूर): गोव्यातल्या दुकानात विन्यो व्हेर्दी नावाची पोर्तुगीज वाईन बघितली. व्हेर्दी म्हणजे हिरवी ना? पण बाटलीत तर पांढरीच दिसली. आणि ही पण डोरोचीच का?

उत्तर: नाही, ही डोंगराच्या अलीकडची. म्हणजे तुमच्या खानापुरासारखी, ओल्या बाजूची. मराओच्या पश्चिमेला मिन्यो नावाचा प्रदेश आहे, समुद्राला लागून, तिथं काही ठिकाणी वर्षाला १५०० मिलिमीटर पाऊस, जमीन ग्रॅनाइटची, आंबट आणि वाळूसर. ऊन कमी, हवा थंड, द्राक्षात साखर कमी बनते आणि आंबटपणा टिकून राहतो, म्हणून वाईन हलकी, आंबटसर, दारूचं प्रमाण कमी, जिभेवर कैरीचं पन्हं प्यायल्यासारखं वाटतं. हिरवी म्हणजे इथं कोवळी, लवकर प्यायची. रंग पांढरा, गुलाबी, लाल कुठलाही असतो. ओल जास्त म्हणून बुरशीची भीती, त्यामुळं जुन्या काळी तिथले शेतकरी वेल झाडांवर चढवायचे किंवा उंच मांडवावर, खालनं वारा खेळता राहावा म्हणून, आणि खाली मका, भाजी घ्यायचे. तुमच्याकडं परसात दोडका आणि काळी मिरी चढवतात तसंच हे.

याच प्रदेशाच्या उत्तरेला मोंसाओ आणि मेल्गासू हा भाग डोंगरांच्या कुशीत आहे, समुद्राचा वारा थेट पोचत नाही, तिथं आल्व्हारिन्यो जातीचं द्राक्ष जास्त पिकतं आणि वाईन जास्त भरीव होते. म्हणजे एका प्रदेशाच्या आत पण एक टेकडी मधे आली की चव बदलते. परत गोव्याला गेलात तर बाटलीवर हे नाव आहे का बघून घ्या.

प्रश्न (निपाणी): आम्ही तंबाखूवाले. कुठल्या रानाची तंबाखू ते वासावरून सांगणारे म्हातारे आमच्यात होते. वाईनवाले म्हणतात की वाईनला दगडाची चव लागते. खरंच दगड वेलीतनं वर चढतो का?

उत्तर: दादा, हा प्रश्न मला स्वतःला माती तपासणीच्या कामात असल्यापासून पडलेला. उत्तर असं की रानाचा फरक शंभर टक्के खरा, पण दगड वर चढत नाही. वेल मुळातनं पाणी आणि विरघळलेले क्षार घेते, तेही फार थोडे, आणि शिस्ट किंवा ग्रॅनाइटची म्हणून काही चव जिभेला लागेल एवढं काही ग्लासात येत नाही. चारी बाजूंच्या उसाचा गूळ करून बघितलात तर चोपण रानाच्या गुळाला खारटपणा लागतो हे तुम्हाला माहीत आहे, तिथं क्षारच एवढे असतात की ते रसात उतरतात. डोरोत तसं नाही. तिथं दगडाचं काम आडून आडून चालतं. पाणी किती आणि कधी द्यायचं ते दगड ठरवतो, नत्र कमी म्हणून पाला कमी, पाला कमी म्हणून घडाला ऊन, पाणी कमी म्हणून मणी बारीक. मणी बारीक झाला की रसाच्या मानानं साल जास्त, आणि लाल वाईनचा रंग, तुरटपणा, बराचसा वास सालीतच असतो. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्यांनी ओळखलेलं रान हे पानाच्या जाडीतनं आणि पिकण्यातनं ओळखलेलं असणार, मातीच्या चवीतनं नव्हे.

याचा चांगला पडताळा तिथंच मिळतो. डोरोच्या दक्षिणेला दाओ नावाचा प्रदेश आहे, चारी बाजूंनी डोंगर, जमीन ग्रॅनाइटची आणि वाळूसर, उंचीमुळं रात्री गार. तोरिगा नासिओनाल ही जात दोन्हीकडं लावतात, बारीक मण्याची, कमी मालाची, पोर्तुगालची सगळ्यात मानाची लाल जात. डोरोत तिची वाईन काळीभोर, दाट, उन्हाची आठवण देणारी. दाओत तीच जात जास्त सुवासिक, आंबटपणा टिकवून, थोडी सडसडीत. आणि समुद्राजवळ बाइराडाला गेलात तर चिकणमाती आणि चुनखडी, तिथं बागा नावाची जात (आपली बाग नव्हे, जातीचंच नाव बागा), उशिरा पिकणारी, तोडणीच्या तोंडावर अटलांटिकचा पाऊस आला की शेतकऱ्यांच्या जिवात जीव नसतो. पिकलं तर वर्षानुवर्षं टिकणारी तुरट वाईन, नाही पिकलं तर तोंड वाकडं करणारी.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमच्या घरी गोव्याहून कुणी आलं की पोर्ट म्हणून एक गोड वाईन आणतात, काकवीसारखी गोड. सासूबाई औषध म्हणून चमचाभर घेतात. हा गोडवा त्या गरम हवेमुळं आणि मातीमुळं येतो का? आणि त्यांना शुगर आहे, चालेल का?

उत्तर: वहिनी, आधी शेवटचं. शुगर असेल तर औषध म्हणून देऊ नका, डॉक्टरांना विचारा. खऱ्या पोर्टमध्ये सुद्धा लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे ती वाईन औषध नाहीच.

गोडवा मातीतला नाही, माणसाच्या हातातला आहे. द्राक्षाचा रस आंबायला लागला की त्यातली साखर दारूत बदलत जाते. दोन-तीन दिवसांत साधारण निम्मी साखर उरली असताना त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचंच कडक मद्य ओततात, जुन्या मापानं ४३५ लिटर रसाला ११५ लिटर. एवढ्या कडक दारूत यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड, आणि १९ ते २२ टक्के कडक. हवामानाचा वाटा असा की डोरोच्या उन्हात द्राक्षात मुळातच साखर आणि रंग भरपूर असतो. दोन-तीन दिवसांतच सालीतला सगळा रंग काढायचा असतो ना, म्हणून तर दगडी टाक्यांत पायानं तुडवायची पद्धत आली, काही ठिकाणी आजपण तुडवतात, खांद्याला खांदा लावून, आपल्याकडं मळणीत बैल फिरायचे त्या लयीत.

हवेचा दुसरा वाटा मला फार आवडतो. नवी वाईन पूर्वी हिवाळ्यानंतर नदीनं खाली, समुद्राजवळच्या व्हिला नोव्हा दे गाया गावात नेत, राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतनं. कारण खोऱ्यातल्या नरकात लाकडी पिंपातली वाईन भाजून निघायची, आणि समुद्राजवळ हवा गार आणि दमट, तिथं ती सावकाश मुरायची. १९८६ पर्यंत पोर्ट परदेशी पाठवायची तर गायातनंच, असा नियम होता. म्हणजे द्राक्ष पिकायला कोरडा घाटमाथ्यापलीकडचा मुलूख आणि वाईन मुरायला दमट किनारा. एका बाटलीत डोंगराच्या दोन्ही बाजूंची हवा.

गोव्यात पोर्ट नावानं जे गोड काही विकलं जातं ते बहुतेक भारतातच बनवलेलं असतं, डोरोचं नव्हे. पोर्तुगिजांचं राज्य तिथं १९६१ पर्यंत होतं त्यामुळं नाव आणि आवड मागे राहिली. बाटलीच्या मानेवर पोर्तुगालच्या संस्थेचा पट्टीसारखा शिक्का नसेल तर ती डोरोची समजू नका.

प्रश्न (चिकोडी, कॉलेज विद्यार्थी): डोरोची हद्द म्हणे दगड रोवून आखलेली. सीमाभागात राहणाऱ्यांना दगडाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ती हद्द कुणी आणि कशावर आखली?

उत्तर: १७५६ साली. त्या वेळी पोर्तुगालचा कारभार मार्क्वेस दे पोंबाल या मंत्र्याच्या हातात होता. इंग्लंडला पोर्ट एवढी जायला लागली होती की लोक भेसळ करू लागले, बाहेरच्या द्राक्षाचा रस मिसळायचा, रंगासाठी एल्डरबेरी नावाच्या जांभळ्या फळाचा रस घालायचा. पोंबालनं एक कंपनी स्थापली, एल्डरबेरीची झाडं उपटून टाकायचे हुकूम काढले आणि चांगली पोर्ट कुठल्या रानात होते त्याची हद्द आखली. १७५८ ते १७६१ मध्ये त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले. जगातल्या सगळ्यात जुन्या आखलेल्या वाईन प्रदेशांपैकी हा एक. काही खांब आजपण उभे आहेत, एक मी बघितला, त्यावर साल कोरलेलं.

तुझ्या प्रश्नातला मला भावलेला भाग हा की ती हद्द भाषेवर किंवा राजावर नाही, रानावर आखलेली. आणि पुढं तर त्याचा हिशोब आणखी बारीक झाला. विसाव्या शतकात प्रत्येक बागेला गुण द्यायची पद्धत आली, कुठल्या उंचीवर आहे, उतार किती, तोंड कुठल्या दिशेला, आडोसा आहे का, वेलीचं वय काय, जात कुठली, दगड कुठला. शिस्ट असेल तर गुण मिळतात, ग्रॅनाइट असेल तर कापले जातात. १२०० च्या वर गुण मिळाले तर अ वर्ग, आणि वर्गाप्रमाणं त्या बागेच्या किती द्राक्षाची पोर्ट करायला परवानगी ते ठरतं. एकाच मालकाच्या नदीकाठच्या आणि डोंगरमाथ्याच्या बागेला वेगळे वर्ग. मला वाटतं आपल्या बेदाण्याला पण कुणीतरी असं रान बघून भाव दिला असता तर तेलसंगच्या कित्येक घरांचं बरं झालं असतं.

प्रश्न (रायबाग): आम्ही डॉगरीज खुंटावर कलम करतो. युरोपात पण खुंट लागतो का? तिकडं तर द्राक्ष स्वतःच्या मुळावर येत असेल.

उत्तर: यायचं, १८६० च्या दशकापर्यंत. मग फायलोक्सेरा नावाची मुळावरची कीड अमेरिकेतनं आली आणि डोरोच्या डोंगरच्या डोंगर वाळले. लोक गाव सोडून गेले. त्या काळच्या सोडून दिलेल्या, डोंगरउतारावरच्या बागांच्या पायऱ्या आजपण दिसतात, त्यांना तिथं मोर्तोरियो म्हणतात, मेलेल्या बागा, काहींवर आता ऑलिव्ह आहेत तर काहींवर नुसतं झुडूप. उपाय अमेरिकेतनंच आला, अमेरिकन वेलीच्या मुळाला ती कीड मारत नाही म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर आपली जात. तुमचा डॉगरीज पण मूळचा अमेरिकन, फक्त तुम्ही तो किडीसाठी नाही, क्षार आणि पाणीटंचाईसाठी वापरता. आणि मातीनं वाचवल्याचं एक उदाहरण पोर्तुगालातच आहे, लिस्बनजवळ समुद्रकाठच्या कोलारेशला वेली खोल वाळूत लावतात, वाळूत ती कीड जगत नाही, म्हणून तिथली रामिस्को जात अजून स्वतःच्या मुळावर उभी आहे.

प्रश्न (कागवाड): हवामान बदलतंय म्हणतात. आमच्या बेदाणा वाळवायच्या रॅकवर मार्चमध्ये अवकाळी येतोय. तिकडं काय?

उत्तर: तिकडं उन्हाळा लांबतोय आणि तोडणी अलीकडं सरकतेय. २०१७ साली एवढं कोरडं गेलं की ऑगस्टमध्येच कात्र्या बाहेर काढाव्या लागल्या. शेतकरी काय करूलालेत तर डोंगरावर चढूलालेत. नदीकाठी १०० मीटर उंचीवर बाग असायची ते आता ५००-६०० मीटरवर लावतात, उत्तरेकडं तोंड असलेले उतार, जे पूर्वी कुणी विचारत नव्हतं, त्यांना किंमत आलीय. वर हवा गार, आंबटपणा टिकतो, पांढऱ्या जातींना तर वरचंच रान मानवतं. पोर्टपेक्षा साधी लाल आणि पांढरी वाईन करायचं प्रमाण पण वाढलंय, त्याची पहिली गाजलेली बाटली १९५२ सालची, बार्का व्हेल्या नावाची, डोरो सुपिरियरच्या उन्हात बर्फ आणून रस थंड ठेवून केलेली.

तुमच्याकडं वर चढायला डोंगर नाही, सपाट माळ आहे, हे मला माहीत आहे. त्यामुळं रॅकवर बाजूनं ओढायचा प्लास्टिकचा पडदा, आणि ऑक्टोबर छाटणी सगळ्या बागेची एकाच आठवड्यात न घेता दोन-तीन टप्प्यात, एवढंच आज हातात आहे. एकाच अवकाळीत सगळा माल सापडत नाही. छाटणीची तारीख, माल रॅकवर गेल्याची तारीख आणि पाऊस कधी किती आला हे एका वहीत लिहून ठेवा, दोन-तीन वर्षांचं झालं की मला पाठवा, कागवाड-अथणी पट्ट्यातल्या अशा दहा-बारा वह्या जमल्या तर टप्पे कधी घ्यायचे ते आपल्याला आपल्याच आकड्यांवरून ठरवता येईल.